रोजचं पाणी, रोजची कबुली

आमच्या जळगावकडे केळीला पाणी द्यायच्या दोन तऱ्हा. एक जुनं पाटपाणी, दुसरं ठिबक: रोज थोडं, पण थेट मुळाशी. ख्रिस्ती जीवनातली पापकबुली ठिबकासारखी असावी, असं मला वाटतं.

कॅथलिक चर्चने १२१५ साली वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे कबुली सक्तीची केली. प्रॉटेस्टंट मंडळींत कबुली थेट देवाकडे, मध्ये कुणी नाही. आणि नेमकी इथेच पळवाट सापडते. "प्रभो, चुकलंमाकलं माफ कर" म्हटलं की दिवस आटोपला! बांधावरून ज्या भावाशी बोलणं बंद आहे, तो त्यात कुठेच येत नाही.

१९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत रडत, उघडपणे पापं कबूल करू लागल्या. मोठीच लाट होती ती. पण लाट ओसरते, आणि दुसऱ्या दिवशी माणसं तीच असतात.

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीला लागूनच क्षमेची मागणी आहे. म्हणजे दोन्ही रोज ताजी लागतात. शिवाय डोंगरावरच्या प्रवचनात तो सांगतो की अर्पण वेदीपाशीच ठेवा, आधी भावाशी समेट करा.

लॉगमध्ये नुसतं 'एरर' लिहिलं तर दुरुस्त काय करणार? ओळ सांगावी लागते. तसंच रोज एकच चूक, नाव घेऊन, आणि त्याच दिवशी त्या माणसाला फोन. नूतनीकरण वगैरे त्यानंतर. नुसतं देवाला सांगणं सोपं आहे हो, त्याला आधीच माहीत असतं!