ताप आईला, उपास बाळाला

पावसाळा सुरू झाला की सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात हे दृश्य हमखास दिसते. चार-पाच महिन्यांचे बाळ, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. जुलाब लागले त्याच दिवशी घरच्यांनी अंगावरचे दूध तोडलेले असते. कारण विचारले तर आजी सांगते, "हिला ताप होता, दूध बाधलं असेल." मग बाटलीने पाणी घातलेले वरचे दूध सुरू होते आणि जुलाब आणखी वाढतात.

आजीची माया खरी, समजूत मात्र चुकीची. सर्दी-खोकला, साधा ताप, जुलाब यांचे जंतू सहसा दुधातून बाळाकडे जात नाहीत. उलट, आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे दुधातून बाळाला मिळतात. आईने हात धुवावेत, खोकला असेल तर तोंडाला मास्क लावावा आणि पाजत राहावे. बाळाला जुलाब असतील तर अधिक वेळा पाजावे. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस आणि 14 दिवस झिंक द्यावे. स्तनाला सूज आली तरी दूध निघत राहिले पाहिजे. ते साचले तर गळू होण्याचा धोका असतो.

अपवाद आहेत, पण मोजके. कर्करोगाची केमोथेरपी, किरणोत्सारी आयोडीन किंवा बाळाला गॅलॅक्टोसेमिया हा जन्मजात आजार असेल तर स्तनपान थांबवावे लागते. क्षयरोग किंवा एचआयव्ही असला, तरी नियमित उपचार आणि बाळासाठी प्रतिबंधक औषध यांच्या आधारे बहुतेक मातांना पाजता येते. निर्णय मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

दोष केवळ आजीचा नाही. पॅरासिटामॉल आणि नेहमीची बहुतेक प्रतिजैविके स्तनपान चालू असताना घेता येतात. तरीही "औषध चालू आहे तोवर पाजू नका" असे आम्ही डॉक्टरच घाईत सांगून मोकळे होतो. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी "बाळ अंगावर पितं का?" हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरने विचारलाच पाहिजे. आईला दाखल करावे लागले, तर शक्य तेथे बाळाला तिच्याजवळ ठेवण्याची सोय रुग्णालयाने करावी. ते जमत नसेल, तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजू द्यावे.

चार दिवस तुटलेला पान्हा पुन्हा आणताना आईची फार दमछाक होते. म्हणून घरात कोणी "दूध बंद कर" म्हटले, तर आधी डॉक्टरांना विचारा. तोवर पाजत राहा.