छतावरच्या दिव्याला तिसरी तार का नाही?

बंगळूरला पोस्टिंग आली तेव्हा क्वार्टरसाठी थांबावं लागणार होतं, म्हणून उलसूरजवळ भाड्याचं घर घेतलं. हॉलमध्ये घरमालकांनी नुकताच पितळी दिवा बसवून घेतलेला. दिवाळीच्या साफसफाईत सौ. लोखंडी शिडीवर चढून तो पुसायला गेली आणि झटका खाऊन खाली आली. बटण बंद केलं होतं, असं ती सांगत होती. मी आधी विश्वास ठेवला नाही. चूक माझी.

मेन बंद करून दिवा उतरवला. छतातून दोनच तारा आलेल्या, दोन्ही लाल. बटण न्यूट्रलवर लावलेलं. म्हणजे बटण बंद असो वा चालू, फेज दिव्यात हजर. त्यातच पट्टीच्या स्क्रूखाली एक तार चिमटून सोललेली. ज्याने दिवा बसवला होता त्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, ‘लाइटिगे अर्थिंग बेडा, सार.’ दिव्याला अर्थिंग नको!

हे वाक्य मी मराठीत पुण्यातही ऐकलंय, गावीही. बेकलाइटच्या होल्डरला लोंबणारा बल्ब होता तेव्हा दोन तारांवर भागत होतं, मान्य. पण आता आपण छताला धातूची झुंबरं टांगतो. ज्या दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याचं इन्सुलेशन दुहेरी असतं, त्याला अर्थ लागत नाही. बाकी प्रत्येक धातूच्या दिव्याला हिरवी तार हवीच. एका खोलीपुरत्या त्या तारेचा खर्च दोघांच्या डोशाइतका. 1905 साली शिवनसमुद्रहून वीज आणून रस्ते उजळवणाऱ्या शहरात आज यावर वाद घालावा लागतो!

‘एमसीबी आहे ना’ असं म्हणणाऱ्यांना माझा राग येतो. 6 अँपिअरची एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असते. माणूस त्याच्या कितीतरी कमी करंटने मरतो. माणसासाठी असते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. आमच्याकडे ती होती, पण बायपास केलेली! ‘सारखी पडते’ म्हणून. पडणारच, दिव्याचं न्यूट्रल शेजारच्या, आरसीसीबीबाहेरच्या सर्किटमधून उसनं घेतलेलं. गेलेला आणि परतलेला करंट जुळेना, म्हणून ती बिचारी तिचं काम करत होती. संत्री ओरडतो म्हणून त्यालाच ड्यूटीवरून हटवावं, तसला प्रकार.

शेवटी परवानाधारक माणूस आणला. जुन्या तारांना नव्या तीन बांधून पाइपातून ओढल्या: लाल, काळी, हिरवी, 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या. शेवटच्या दोन फुटांत पाइप तुंबलेला. तो भिंतीत तिरकी झिरी पाडायला निघाला, मी अडवलं. पुढचा भाडेकरू तसबिरीसाठी नेमका तिथेच खिळा ठोकणार. तेवढ्या भागात वरून सरळ पट्टी मारली. दिसायला वाईट दिसते, दिसू दे.

माजी सैनिकांनो, तुम्हालाही सांगतो. पलटणीत ‘रायफल रिकामी आहे’ हे आपण कुणाच्या तोंडावर मानलं नाही, चेंबर डोळ्यांनी पाहिलं. मग पेन्शनच्या घरात खुर्चीवर चढून, फक्त बटण बंद करून होल्डरला हात कसा घालता? मेन पाडा, टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग तारांना लावा.

माझी पुढची पोस्टिंग फील्डची आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे सौ.ला दाखवून ठेवलंय. बिल घरमालकांना दिलं. ‘दिवा तर आधीही लागत होता,’ असं ते म्हणाले. डिपॉझिटवरून बोलणी चालू आहेत.