दिवे लावू की! आधी तेलाचे पैसे वेळेवर द्या

डिसेंबर २०२३. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. विधान परिषदेत विषय होता सारथीच्या फेलोशिपचा. संख्या २०० वर का आणली, असं विरोधकांनी विचारलं आणि उपमुख्यमंत्र्यांनी उलट विचारलं की पीएचडी करून हे काय दिवे लावणार आहेत?

त्यावर तेव्हा भरपूर राग काढून झाला. निषेध झाले, मीम झाले, विषय संपला. मला आज त्या एका वाक्याशी भांडायचं नाहीये. कारण हा प्रश्न फक्त सभागृहातला नाही. गावच्या पारावर, लग्नाच्या मांडवात, एसटीत शेजारच्या सीटवर बसलेल्या काकांकडूनही तो येतो. "अजून शिकतीच का गं तू? सरकार पैसे देतंय म्हणं बसून!"

प्रश्न सरळ आहे, तर उत्तरही सरळ देते. पोस्ट लांब आहे, पण वाचा. तुमच्याच कराच्या पैशाची गोष्ट आहे.

मी बीड जिल्ह्यातली. माझं संशोधन ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेवर आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. नवराबायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार. मार्च-एप्रिलला परत. त्या पाच-सहा महिन्यांत पोरांचं काय होतं? हंगामी वसतिगृह कागदावर किती दिवस चालतं आणि प्रत्यक्षात किती? आजीकडे ठेवलेली पोरगी शाळेत टिकते की धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून आईबरोबर फडावर जाते? तिचं लग्न कितव्या वर्षी लागतं? हे कुणीतरी घरोघरी जाऊन, नोंदी ठेवून, तीन-चार हंगाम सलग बघून सांगायला लागतं. ऑफिसात बसून कळत नाही. असा सलग अभ्यास झाला तर वसतिगृहाचा पैसा नेमका कुठल्या महिन्यात, कुठल्या वाडीत लागतो ते कळेल. माझ्या मते हा दिवाच आहे. छोटा असेल, पण आहे.

आता तेलाचं बघू.

यूजीसीच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे. दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर ४२,०००. आकडा ऐकला की लोकांचे डोळे मोठे होतात. "एवढे? आमच्या पोराला कंपनीत पंधरा हजार मिळत्यात." बरोबर आहे, पंधरा हजार ही लूटच आहे. पण कंपनीतल्या पोराला ते पंधरा हजार महिन्याच्या महिन्याला मिळतात. आमचा ३७,००० हा आकडा जाहिरातीत महिन्याला असतो, खात्यात मात्र तो कधी सहा महिन्यांनी येतो, कधी नऊ, कधी त्याहून जास्त. मला पैसे देणाऱ्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. नाव कुठलंही घातलं तरी गोष्ट तीच राहते, हे वाचणाऱ्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत आहे.

पद्धत कशी असते ते सांगते. हजेरीपत्रक, त्यावर गाईडची सही. सहामाही प्रगती अहवाल, त्यावर संशोधन केंद्राच्या प्रमुखांची सही आणि शिक्का. घरभाडे भत्त्याचा अर्ज. हे सगळं ऑनलाइन भरा, आणि मग त्याचीच हार्ड कॉपी पोस्टाने पाठवा. एक शिक्का पुसट उमटला की फाईल 'त्रुटी' म्हणून बाजूला. ही त्रुटी तुम्हाला कुणी कळवत नाही. तीन महिन्यांनी फोन केला की कळतं. त्रुटी दूर केली की पुढचं उत्तर तयार असतं, "निधी आला नाही."

आणि आता यातली खरी गंमत. फेलोशिप घेताना आमच्याकडून लिहून घेतात की मी पूर्णवेळ संशोधन करीन, नोकरी करणार नाही, दुसरं मानधन घेणार नाही. ठीकंय, मान्य. पूर्णवेळ काम हवं तर पूर्णवेळ अट हवीच. पण मग पैसे पूर्णवेळ का नाहीत? नऊ महिने पैसे द्यायचे नाहीत आणि त्या नऊ महिन्यांत कुठं तास घेतले, शिकवणी घेतली तर नियमभंग. पोराला जेवायला वाढायचं नाही आणि शेजाऱ्याकडे खाल्लं म्हणून मारायचं, असला हा न्याय आहे.

उशिराचा हिशोबही नीट करा. सरकारी भाषेत सहा महिने उशीर म्हणजे सहा महिने उशीर. माझ्या विषयात तसं नाही. टोळ्या नोव्हेंबरला जातात. मला त्यांच्यामागे पश्चिम महाराष्ट्रात, फडावर, कोपींच्या वस्तीवर जायचं तर पैसे ऑक्टोबरात हवेत. पैसे आले एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये फड रिकामा आणि कोपी मोडलेल्या. म्हणजे माझं सहा महिन्यांचं नाही, आख्खं वर्ष गेलं. हेच शेतीवर काम करणाऱ्याचं, पावसावर काम करणाऱ्याचं, जत्रा-यात्रांवर काम करणाऱ्याचं. हंगाम फाईलसाठी थांबत नसतो.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं दिलेली आहेत. महिलांना आणि दिव्यांगांना दोन वर्षांची जादा सवलत. छान. पण पैशाविना गेलेली वर्षं या सहा वर्षांतूनच कापली जातात. घड्याळ आमचं चालू, तिजोरी त्यांची बंद.

आता आमच्यावरचे आरोप घेते. टाळत नाही.

पहिला आरोप: पोरं फेलोशिपसाठीच पीएचडी करतात, एकाच घरात चार-चार जण. असतील काही. मग प्रवेशाची चाळणी कडक करा, सहामाही अहवाल खरोखर वाचा, काम नसेल तर फेलोशिप बंद करा. कोण अडवतंय? पण उशिरा पैसे देणं ही चाळणी होऊ शकत नाही. ज्याला नुसतेच पैसे हवेत त्याला एकरकमी दोन वर्षांनी मिळाले तरी चालतात, त्याला फडावर जायचंच नसतं. उशिराचा मार बसतो तो काम करणाऱ्याला. म्हणजे कामचुकार टिकतो आणि कष्टाळू गळतो. असली उलटी चाळणी कुठल्या गिरणीत पाहिली आहे का?

दुसरा आरोप: दर्जा नाही, सगळं कॉपी-पेस्ट. यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. पैसे घेऊन पेपर छापणाऱ्यांचा बाजार वर्षानुवर्षं चालला आणि त्यात मार्गदर्शक, विद्यार्थी, प्रकाशक सगळे होते. पण कॉपीवर बोलणाऱ्या व्यवस्थेची स्वतःची परीक्षा कशी झाली तेही आठवा. २४ डिसेंबर २०२३ ला बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या फेलोशिपसाठी परीक्षा घेतली, आणि प्रश्नपत्रिका निघाली २०१९ च्या सेट परीक्षेची! पुन्हा परीक्षा ठेवली १० जानेवारी २०२४ ला. तिथे प्रश्नपत्रिकांच्या काही संचांना सील नाही म्हणून मुलांनी बहिष्कार टाकला. आमच्या प्रबंधात दोन परिच्छेद जुळले तर सॉफ्टवेअर लाल रेघ मारतं. इथे अख्खी प्रश्नपत्रिका जुळली. लाल रेघ कुणी मारायची?

तिसरा आरोप: राज्याकडे पैसा नाही. नसेल. मग जाहिरातीतच सांगा की इतक्या जागा, इतके महिने, इतकी रक्कम. आम्ही त्यावरून ठरवू. पण आधी पोरांनी नोंदणी करायची, हातातलं काम सोडायचं, शहरात खोली घ्यायची, आणि मग मध्येच संख्या कमी, मध्येच परीक्षा. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायला गल्लीतल्या क्रिकेटमध्येही कुणी देत नाही.

या सगळ्यात कोण टिकतं ते नीट बघा. ज्याच्या घरी पगार येतो तो. वडील प्राध्यापक, आई शिक्षिका, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, त्याला नऊ महिने उशीर म्हणजे थोडी चिडचिड. ज्याची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते त्याला नऊ महिने उशीर म्हणजे खोली सोडून गावी परत. आणि या फेलोशिप काढल्या कुणासाठी? नेमक्या याच दुसऱ्या घरातल्या पोरांसाठी. योजना ज्याच्यासाठी त्यालाच ती परवडत नाही, अशी ही व्यवस्था झालीये.

ज्यांचे फोटो लावून या योजना चालतात त्यांच्याच आयुष्यात जरा डोकवा. सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते १९१३ ला कोलंबियाला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं, तेही सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला आणि पुढे चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. शिष्यवृत्ती थांबली की बाबासाहेबांसारख्या माणसाचं संशोधनही तीन वर्षं थांबतं, तर आमच्यासारख्यांची काय कथा? आणि विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरातले पंजाबराव देशमुख परदेशातून डॉक्टरेट घेऊन आले. विषय होता वैदिक वाङ्मयाचा. त्या विषयाचा कापसाशी काय संबंध, असं तेव्हाही कुणी विचारलं असतं. त्याच माणसाने १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे देशाचं कृषिमंत्रिपद सांभाळलं. दिवा कुठे लागेल हे वात वळताना दिसत नाही.

पीएचडी झाल्यावरचंही सांगते. प्रबंध सादर केल्यापासून तोंडी परीक्षेच्या निकालापर्यंत सगळं सहा महिन्यांत संपवायची पद्धत बसवा, असं तीच २०२२ ची नियमावली विद्यापीठांना सांगते. किती ठिकाणी पाळलं जातं ते प्रबंध देऊन बसलेल्यांना विचारा. फेलोशिप प्रबंध दिल्यावर थांबते, पदवी मात्र लगेच मिळत नाही. मधल्या काळात माणसाने काय खायचं? पदवी मिळाली की पुढे तासिका तत्त्व आहेच. नावापुढे डॉक्टर, आणि पगार किती तास झाले त्यावर.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. फेटे बांधले, पेढे वाटले. मीही पेढा खाल्ला. पण भाषा अभिजात राहते ती त्या भाषेत नवं ज्ञान तयार होत राहिलं तर. ते तयार करणारी पोरं आज मनी ऑर्डरची वाट बघावी तशी बँकेच्या मेसेजची वाट बघतायत.

म्हणून मागण्या. पाचच आहेत, कुठल्याही पक्षाच्या आमदाराला समजतील अशा.

एक. फेलोशिप दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या, पगारासारखी. अहवाल सहा महिन्यांनी तपासा. काम नसेल तर पुढचे हप्ते रोखा, पण कारण लेखी द्या.

दोन. फाईल कुठल्या टेबलावर किती दिवसांपासून आहे ते ऑनलाइन दिसू द्या. कुरिअरचं पार्सल नागपूरहून निघालं की मोबाईलवर दिसतं, फाईल का नाही?

तीन. नियम बदलायचेत तर पुढच्या बॅचपासून बदला.

चार. फेलोशिपचे पैसे सहा महिन्यांपेक्षा जास्त रखडले तर तेवढा काळ मुदतीत धरू नका. प्रबंधाचा निकाल सहा महिन्यांत लागला नाही तर तोपर्यंत फेलोशिप चालू ठेवा. उशीर तुमचा, भुर्दंड तुमचा.

पाच. ही आमच्यावरची अट. फेलोशिप घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा स्वतःच्या तालुक्यात, लोकांसमोर, मराठीत सांगावं की मी काय शोधतोय आणि काय सापडलं. पारावर, शाळेत, ग्रामपंचायतीत, कुठंही. लोकांनी प्रश्न विचारावेत. ज्याला सांगता येणार नाही त्याचं काय चाललंय ते गावालाच कळेल. फडावरच्या ज्या बाया मला तासन्‌तास माहिती देतात त्यांना ऐकायचा हक्क आहे की मी त्या माहितीचं केलं काय.

एसटीतल्या काकांना माझं एवढंच सांगणं आहे. काका, पैसे बसून मिळत नाहीत, काम करूनही मिळत नाहीत. आणि हिशोब मागायचा तुमचा हक्क मला मान्य आहे. माझ्याकडे मागा, मी देते. पण तोच हिशोब ज्या टेबलावर फाईल पडून आहे त्या टेबलाकडेही मागा.

येत्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदारांना हे पाच मुद्दे पाठवा. जे संशोधक विद्यार्थी हे वाचतायत त्यांनी खाली फक्त दोन गोष्टी लिहा: नोंदणीचं वर्ष आणि शेवटचा हप्ता कुठल्या महिन्यात आला. नाव नको, संस्था नको, विद्यापीठ नको. नुसत्या तारखा लिहा. त्या तारखा एकाखाली एक आल्या की उशीर कुणाचा आहे ते सांगायला माझी गरज लागणार नाही.