उमेदवार बापाला कोणी विचारते का?

निवडणूक जवळ आली की वस्तीत उमेदवारांची चर्चा सुरू होते. पुरुष उमेदवाराबद्दल लोक विचारतात, माणूस कामाचा आहे का? दिलेला शब्द पाळतो का? नळाला पाणी आणील का? बाई उभी राहिली की पहिला प्रश्न वेगळाच असतो, "मग पोरांना कोण बघणार?" हा प्रश्न विचारण्यात आपल्या माता-भगिनीही मागे नसतात, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

चार पोरांचा बाप रात्री बारापर्यंत सभा घेत फिरला, तर तो समाजासाठी झिजतो. दोन पोरांची आई आठपर्यंत बैठकीला थांबली, तर तिला घरदार नाही! त्याने लेकराला कडेवर घेऊन प्रचार केला, तर तो कुटुंबवत्सल. तिने घेतले तर सहानुभूती मिळवते, घरी ठेवले तर काळीज नाही. आणि मूलच नसेल, तर हिला संसाराचे काय कळणार? बाईने कसेही वागावे, ठपका ठरलेलाच.

हे केवळ आपल्या वस्तीत घडते असे नाही. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या न्यूझीलंडमध्ये ऑगस्ट 2017 मध्ये जसिंडा आर्डर्न मजूर पक्षाच्या नेत्या झाल्या. काही तासांतच टीव्हीवर त्यांना मुलाबाळांच्या बेताविषयी विचारण्यात आले. कामाच्या ठिकाणी स्त्रीला असा प्रश्न करणे गैर आहे, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी ठणकावून सांगितले. त्या पंतप्रधान झाल्या, जून 2018 मध्ये त्यांना मुलगी झाली आणि सहा आठवड्यांच्या रजेनंतर त्या कामावर परतल्या. त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी 1990 मध्ये, पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टो पंतप्रधानपदावर असताना बाळंत झाल्या होत्या. आई झाल्याने राज्यकारभार अडतो, असे म्हणणाऱ्यांनी ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

आपल्या राज्यातले उदाहरण तर ताजे आहे. नाशिक जिल्ह्यातील देवळाली या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघाच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला गेल्या. तेव्हा कुठे तेथे हिरकणी कक्षाची सोय झाली. पुढे 2023 च्या अधिवेशनात मुंबईतल्या कक्षाची दुरवस्था पाहून त्यांना पुन्हा आवाज उठवावा लागला. आमदार बाईची ही कथा, तर ग्रामपंचायतीच्या सदस्य असलेल्या मोलकरणीची, शेतमजूर बाईची काय असेल?

हिरकणी बाळासाठी रायगडाचा कडा उतरली, म्हणून आपण तिचे गुण गातो. पण आजची आई बाळाला घेऊन लोकांच्या कामासाठी वर चढू लागली, की तिचे पाय ओढतो. हा कुठला न्याय?

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे मूल वाढविणे हे एकट्या बाईच्या माथी मारायचे काम नव्हे, ही शिकवण आपल्याला तेव्हाच मिळाली आहे.

73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. कायद्याने खुर्ची दिली. पण घरी भाकरी कोण थापणार, लेकराचे नाक कोण पुसणार, हे कायदा ठरवीत नाही. ते आपण ठरवायचे आहे. नाहीतर खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हेच चालू राहील.

म्हणून आमचे वाचक बंधूंना सांगणे आहे, बायको प्रचाराला गेली तर चूल पेटविण्यात कमीपणा मानू नका. भगिनींना सांगणे आहे, उभ्या राहिलेल्या बाईची लेकरे दोन तास आपल्या ओट्यावर खेळू द्या. विहारातल्या बैठकीची वेळ आयाबायांना जमेल अशी ठेवा. आणि "पोरांना कोण बघणार?" हा प्रश्न कोणाच्या ओठावर आलाच, तर तो आधी उमेदवार बापाला विचारा. त्याला विचारवत नसेल, तर आईलाही विचारू नका.

जय भीम!