‘काही दिसलंच नाही’

केरळची सहल करून आलेल्यांना मुन्नारच्या चहाच्या मळ्यांबद्दल किंवा अलप्पुळाच्या हाउसबोटीबद्दल विचारा, तासभर बोलतील. सायलेंट व्हॅलीचं नाव काढलं की मात्र सूर उतरतो. ‘जंगल छान आहे हो, पण काही दिसलंच नाही.’ ‘काही’ म्हणजे वाघ, नाहीतर हत्ती, गेला बाजार गवा तरी. जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि पदरात काय, तर झाडं! तक्रार खोटी नाही. पण ती ताडोबाच्या मापानं मोजून केलेली असते.

ताडोबात मे महिन्यात वाघ दिसतो, त्याला कारणं आहेत. पानगळीनं रान मोकळं झालेलं असतं, नजर लांब पोचते. पाणी आटून मोजक्या पाणवठ्यांपुरतं उरतं, म्हणून चितळ-सांबर तिथे येतात आणि त्यांच्या मागावर वाघ. शिवाय जमिनीवर गवत असतं, त्यामुळे गवत खाणारेही भरपूर असतात. सायलेंट व्हॅलीसारख्या सदाहरित वर्षावनात यातलं काहीच जुळत नाही. पाणी पावलोपावली; मग जनावरांनी एका जागी जमावंच कशाला? वरच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या, की उन्हाचा शंभरातला एखाद-दुसराच हिस्सा खालपर्यंत येतो. गवत उगवणार कुठून? फुलं, फळं, कोवळी पालवी सगळी वीस-तीस मीटर वर. जेवण माडीवर वाढलेलं आणि आपण ओसरीवर पंगत शोधतोय, अशी गत होते.

पालक्काड जिल्ह्यातल्या या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा आहे 89.52 चौरस किलोमीटरचा. मुक्कालीहून जीप आणि सोबत वाटाड्या घेऊन 23 किलोमीटर आत, सैरंध्रीपर्यंत जाता येतं. त्यापुढचं गाभ्याचं जंगल पर्यटकांना बंद, आणि हे मला फार पटतं. सैरंध्रीला एक उंच मनोरा आहे. लोक धापा टाकत चढतात, कुंतीपुळा नदीच्या दरीचे फोटो काढतात, उतरतात आणि जीपवाल्याला म्हणतात, ‘चला.’ खरं पाहणं सुरू होतं ते नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर, आणि नेमकी तीच टाळली जाते.

इथले अनेक वाटाडे अट्टप्पाडीच्या आदिवासी वस्त्यांमधले. आमच्या सोबत आलेले गृहस्थ पन्नाशीचे, बोलणं अगदी मोजकं. आम्ही माना वर करून झाडं धुंडाळत होतो; ते मात्र खाली बघत चालले होते. एके ठिकाणी काट्यांनी भरलेलं, फोडलेलं एक फळ त्यांनी काठीनं उलटवलं. आतला गर अजून ओला होता. त्यांनी हातानंच आम्हाला थांबवलं. बराच वेळ काही नाही. मग डोक्यावरून आणखी एक साल येऊन पडली, आणि वरच्या काळोखात एक काळंकुळकुळीत अंग सरकलं. तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीच्या टोकाला झुपका. सिंहपुच्छ माकड.

ते फळ कुलेनियाचं. या झाडाची फुलं थेट जाड फांद्यांवर लगडतात. आधी फुलं, मग फळांतल्या बिया, असं करत माकडांचे कित्येक महिने या एका झाडावर निघतात. हे माकड जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याचे रस्ते फांद्यांवरचे. मधली झाडं तोडली, की कळपाची वाटच तुटते. जगात हा प्राणी फक्त आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात आहे, एवढं कळल्यावर ‘काही दिसलं नाही’ म्हणायला जीभ वळू नये.

अशा जंगलात डोळ्यांपेक्षा कानांना काम जास्त. मोठा धनेश आधी ऐकू येतो. त्याच्या पंखांच्या पिसांमधून हवा जाताना असा घुमारा होतो, की नवख्याला ते यंत्रच वाटावं. शेकरूचा खणखणीत आवाज तर महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखता यायलाच हवा, तो आपला राज्यप्राणी. पायाखाली बघाल तर कितीतरी झाडांच्या पानांची टोकं लांब, निमुळती. पाणी लवकर निथळून जावं म्हणून केलेली सोय. आणि हो, जळवा. पावसाळ्यात पानाच्या कडेवर उभी राहून जळू डुलत असते, आपल्या पावलांच्या हादऱ्याचा आणि उबेचा वेध घेत. लोक किंचाळतात. ओढून काढू नये, नखानं हळूच सरकवावी. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण ती ते गोठू देत नाही. माणूस त्यानं मरत नाही.

‘तिथे आहे काय?’ हा प्रश्न सहलीपुरता असता, तर एवढं लिहायची गरज नव्हती. याच सैरंध्रीला धरण बांधून वीज काढायची योजना 1973 साली मंजूर झाली होती. विरोध सुरू झाला तेव्हा माकडं मोठी की माणसं, असा सवाल टाकून तो मोडीत काढायचा प्रयत्न झाला. केरळ शास्त्र साहित्य परिषदेनं आकडेवारीनिशी उत्तर दिलं. कवयित्री सुगतकुमारी रस्त्यावर उतरल्या. मुंबईच्या सलीम अलींनी योजना सोडून देण्याचं आवाहन केलं, आणि पुढे योजनेची तपासणी करणाऱ्या मेनन समितीत आपले माधव गाडगीळ होते. 1983 मध्ये योजना बासनात गेली, 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. न दिसणाऱ्या गोष्टींची बाजू मांडणारी माणसं होती, म्हणून आज तिथे तिकीट काढून जाता येतं.

आपल्याकडे अशी माणसं तयार व्हायची, तर त्यांनी आधी जंगलातून चालायला हवं. आंबोलीत देवळाच्या कुंडात सापडलेल्या माशाच्या जातीला 2020 साली हिरण्यकेशी हे नाव मिळालं. त्याआधी किती भाविकांनी त्या पाण्यात पाय धुतले असतील! आंबोलीचा चिमुकला भेकही विज्ञानाला वेगळी जात म्हणून कळला तो 2009 साली. तरीही आंबोली म्हटलं की धबधबा, भजी आणि गाड्यांची रांग एवढंच आठवतं. कोयना-चांदोलीच्या ओल्या रानातही जीप सफारी वाढवून ‘काही दिसलंच नाही’ ही तक्रार मिटणार नाही. तिथे जीपमधून दिसेल तो रस्ता. आपल्या वनखात्यानं ठरावीक पायवाटा, लहान गट आणि गावातलेच शिकवून तयार केलेले वाटाडे यांवर पैसा लावावा. काचेचे पूल आणि सेल्फी पॉइंट यांना वर्षावनात जागा नाही.

सायलेंट व्हॅलीला जायचंच असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. जीपमध्ये बसण्याआधीच वाटाड्याला सांगा, मनोरा नसला तरी चालेल, नदीपर्यंत चालत जायचंय. आणि मुक्कालीला सकाळीच पोचा. दुपार उलटल्यावर आत सोडत नाहीत.