सही करण्याआधी नकाशा बघा

गेल्या महिन्यात शहापूरच्या खडेबाजारात एका झेरॉक्सच्या दुकानात उताऱ्याच्या प्रती काढायला उभी होते. माझ्या पुढं दोघं होते, त्यांच्याही हातात उतारेच. दुकानदार हसत म्हणाला, "आता लग्नपत्रिकेपेक्षा उताऱ्याच्याच झेरॉक्स जास्त निघतात की!" सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आमची जमीन एक एकर दहा गुंठे, शहापूर शिवारात. माझा आजा ती कुळानं कसायचा. कर्नाटकात कूळ कायद्याची दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली तेव्हा त्यानं फॉर्म नंबर ७ भरला, हेलपाटे घातले आणि जमीन नावावर करून घेतली. आता काका म्हणतात विकूया, बाबा म्हणतात नको. एजंट म्हणतो, "पोरींच्या पण सह्या लागतात, तेवढं बघा." २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, हे मी वर्गात शिकले होते. तो हक्क माझ्यापर्यंत पहिल्यांदा आला तो जमीन विकायच्या कागदावर सही मागायला.

म्हणून हा लेख. विकू नका असं सांगायला नाही. तो अधिकार माझा नाही, आणि ज्याच्या घरात लग्न, आजारपण, फी एकाच वर्षी येतं त्याला उपदेश करणं सोपं असतं. मला एवढंच म्हणायचंय की आपली जमीन कुठल्या नियमानं जाते, ते नियम कोणी केले आणि ते करताना आपल्याला विचारलं होतं का, हे आपल्या पिढीनं आता तपासलं पाहिजे.

पहिला नियम बघा. कर्नाटकच्या १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यात ७९ए आणि ७९बी अशी दोन कलमं होती. शेतकरी नसलेल्याला किंवा शेतीबाहेरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती. २०२० मध्ये ही कलमं काढून टाकली. आता कोणीही शेतजमीन घेऊ शकतो. तेव्हा कारण दिलं गेलं की ही कलमं भ्रष्टाचाराचं कुरण झाली होती आणि शेतीत नवी गुंतवणूक यायला हवी. पहिल्या कारणात तथ्य आहे, चोरवाटा होत्याच. पण कुंपणाला भोक पडलं म्हणून आपण कुंपणच काढतो का?

आता वेंगुर्ला रस्त्यानं जा. बाची ओलांडून शिनोळीत पाऊल ठेवलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. तिथं कूळ कायद्याचं ६३ वं कलम आजही आहे. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर, काही सवलती सोडल्या, तर परवानगी लागते. माती तीच, पाऊस तोच, बोली तीच. मधे फक्त एक पाटी. ज्याच्याकडं पैसा आहे आणि सात-बारा नाही, तो जमीन शोधत पाटीच्या कुठल्या बाजूला येईल, हे सांगायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरा नियम बिनशेतीचा, ज्याला आपण सगळे एनए म्हणतो. कर्नाटकच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली ही परवानगी मिळते. शहराभोवतीच्या पट्ट्यात त्याबरोबर मास्टर प्लॅन बघितला जातो. नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर हिरवा आहे की पिवळा, यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणजे खरा निर्णय जमीन विकताना होत नाही. तो नकाशा रंगवताना होऊन गेलेला असतो. आपण मात्र जेसीबी आल्यावर जागे होतो.

आणि नकाशा रंगवताना माती बघितली जाते का? शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार हे तिबार पिकाचं. पावसाळ्यात भात, त्यातही बेळगावची बासमती, जिच्या वासानं शिजताना गल्ली भरते. भात निघाला की ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. काळी, ओल धरून ठेवणारी ही माती तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. दुसरीकडं तालुक्यात खडकाळ माळ आहेत, जिथं कुसळाशिवाय काही येत नाही. घरं, गोदामं, कारखाने माळावर गेले तर कोणाचंच पोट मारलं जात नाही. पण शहराला लागून असलेली जमीन सपाट, रस्त्याला जवळ आणि पाण्याची, म्हणून भाव तिलाच. बाजार अंतर बघतो, माती बघत नाही. माती बघणं हे नियमाचं काम होतं.

पाण्याचंही तसंच. बळ्ळारी नाला आपल्या शिवारातून जातो. दर पावसाळ्यात भात पाण्याखाली, दुबार लावणी, पंचनामे. नाल्याचा गाळ काढा ही मागणी ऐकत मी मोठी झाले. आजूबाजूचं शेत पावसाचं पाणी पोटात घेतं, सिमेंट घेत नाही. शिवारात भराव पडत गेले की तेच पाणी जास्त वेगानं नाल्यात येतं, आणि मग ते शेतात जातं तसंच नवीन कॉलनीतल्या घरातही जातं. २०१९ च्या पुरात आपण हे बघितलंय. शेत वाचवणं म्हणजे शेतकऱ्यावर उपकार नव्हे. शहरानं आपलं तळघर कोरडं ठेवण्याचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आता तिसरी गोष्ट, विचारण्याची. हलगा ते मच्छे हा बायपास जेमतेम दहा किलोमीटरचा. पण त्यानं हलगा, वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरपासून मच्छेपर्यंतच्या शिवारातली सुपीक जमीन मधोमध कापली. वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या भातात जेसीबी फिरले. त्यानंतर रिंगरोड आला. तालुक्यातल्या तीसहून अधिक गावांच्या जमिनी त्यात जाणार म्हणून २०२२ मध्ये शेतकऱ्यांनी चाबूक मोर्चा काढला.

कायदा काय सांगतो बघा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं १० वं कलम म्हणतं की ओलिताखालची, एकाहून जास्त पिकं देणारी जमीन अगदी शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी. वाचून बरं वाटतं. पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की रस्ते, रेल्वे, कालवे अशा लांबलचक प्रकल्पांना ही अट लागू नाही. आणि आपल्याकडं जमीन जाते ती बहुतेक रस्त्यातच! राष्ट्रीय महामार्गासाठी तर वेगळाच कायदा आहे, १९५६ चा. त्यात अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस.

हे २१ दिवस कसे जातात ते आमच्या घरात मी बघितलंय. आमच्या जमिनीशेजारच्या एका कामाची नोटीस निघाली होती. कुठलं काम, कुठलं कार्यालय हे लिहित नाही, कारण गोष्ट एका कार्यालयाची नाही. नोटीस कन्नडमध्ये होती. बाबा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले. त्यांनी ती पिशवीत घालून ठेवली आणि मी हॉस्टेलवरून आल्यावर दाखवली. मला कन्नड वाचता येतं, मैत्रिणींशी बोलतेही. पण कचेरीचं कन्नड वेगळं असतं, जसं कचेरीचं मराठीही आपल्याला कळत नाही. वर्गातल्या कन्नड मैत्रिणीला फोटो पाठवला. ती म्हणाली, "अगं, मलाही निम्मंच कळलं, पण मुदत परवाच संपली." बाबा काहीच बोलले नाहीत. बैलांना पाणी दाखवायला गेले.

माझी तक्रार कन्नडबद्दल नाही. ती मैत्रीण नसती तर मला तेवढंही कळलं नसतं. तक्रार ही आहे की ज्याची जमीन, त्याला वाचता येईल अशा भाषेत कागद येत नाही. २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणामांच्या पाहणीची अधिसूचना पंचायतीला स्थानिक भाषेत द्यावी असं स्पष्ट आहे. मग येळ्ळूरची स्थानिक भाषा कोणती? हा प्रश्न मोर्चात नाही, ग्रामसभेत विचारायचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळी केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे निवेदन काढलं, त्यातही जिथं १५ ते २० टक्के लोक अल्पसंख्याक भाषेचे आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत काढाव्यात असं सुचवलेलं आहे. आणि घटनेचं ३५० वं कलम तर साधं आहे. आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे हरकत मराठीत देता येते. द्या. पोच घ्या.

पण मित्रांनो, थोडं स्वतःकडंही बघूया. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य' पाटी काढली तेव्हा अख्खा सीमाभाग पेटला. गावानं लाठ्या खाल्ल्या. ती वेदना खरी होती. पण त्यानंतरच्या वर्षांत शहराभोवतीच्या शिवारात 'प्लॉट विकणे आहे' च्या किती पाट्या लागल्या, त्यांच्याबद्दल आपण काय बोललो? त्यातल्या कितीतरी पाट्या मराठीत आहेत. एजंट मराठी, विकणारा मराठी, पुष्कळदा घेणाराही मराठी. मंजुरी नसलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट गळ्यात मारला जातो, गटार नाही, रस्ता नाही, आणि फसतो तोही आपलाच. आपण भाषेची पाटी राखली आणि पाटीखालची जमीन मोकळी सोडली, असं पुढच्या पिढीनं म्हणू नये.

नोटीस मराठीत आली म्हणजे सगळं सुटेल असंही नाही. निपाणीच्या पलीकडं कागल, भुदरगडात सगळा कारभार मराठीतच चालतो. तरी ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गासाठी कोल्हापूरच्या शेतकऱ्यांना रस्त्यावर यावंच लागलं. २०२४ मध्ये त्या जिल्ह्यातली भूसंपादनाची अधिसूचना सरकारला रद्द करावी लागली, आणि नंतर प्रकल्प पुन्हा पुढं आला. भाषा हे दार आहे. आत जाऊन बसायचं ते आपल्यालाच.

संवर्धनाच्या नावाखालीही हेच होतं. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. ते जंगल टिकलंच पाहिजे, आपल्या नद्यांचं पाणी तिथून येतं. पण आतल्या गावांना रस्ता नाही, पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. शहराजवळ विकास म्हणून जमीन जाते, जंगलात संवर्धन म्हणून गाव जातं. दोन्हीकडं गावाला सगळ्यात शेवटी विचारतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जो अधिकार दिलाय तो कागदावरच राहतो.

मग नियम बदलायचे तर काय मागायचं? तिबार पिकाचं शिवार आणि नाल्याच्या दोन्ही काठांचा पट्टा मास्टर प्लॅनमध्ये कायम शेतीसाठी राखून ठेवा, आणि तो रंग बदलायचा असेल तर आधी ग्रामसभेचा ठराव घ्या. पण नुसतं राखून चालणार नाही. ज्या शेतकऱ्याला आपण विकू नको म्हणतो, त्याच्या बासमतीला भाव, नाल्याचं काम आणि वेळेवर नुकसानभरपाई याची हमी त्याच नियमात हवी. नाहीतर संवर्धनाचा सगळा खर्च एकट्या त्याच्या डोक्यावर.

आणि गावालाही वाढू द्या. भाऊ वेगळे होतात, घर लागतं. महाराष्ट्रात गावठाणापासून २०० मीटरच्या आत घर बांधायला वेगळी एनए परवानगी लागू नये अशी तरतूद झाली आहे. आपल्याकडंही गावाला लागून, शक्यतो माळाच्या बाजूनं, स्वस्तात आणि कायदेशीर घर बांधता आलं तर बेकायदा गुंठ्यांचा धंदा आपोआप थंडावेल.

आपल्याला काय करता येईल? कर्नाटकात सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा व्हायला हवी. पुढच्या सभेची तारीख विचारा आणि जा, नुसतं बापाला पाठवू नका. प्रत्येक गावातल्या दोघा-तिघांनी मास्टर प्लॅनचा नकाशा मिळवून आपल्या शिवाराचे सर्व्हे नंबर त्यात शोधा. कन्नड येणाऱ्यांनी गल्लीतल्या नोटिसा वाचून मराठीत दोन ओळी करून व्हॉट्सअॅपवर टाका, मुदतीच्या तारखेसकट. आपली पिढी कन्नड शिकली आहे. बाबांच्या पिढीकडं नसलेलं हे हत्यार आहे, ते गंजू देऊ नका.

माझ्या सहीचं म्हणाल तर कागद अजून कपाटात आहे. काकांना मी सांगितलं, नकाशा बघू, जमिनीचा रंग बघू, नाल्याचं बघू, मग बसून ठरवू. काका चिडले. "शिकवलं ते हेच्यासाठी व्हय?" म्हणाले. बाबा पहिल्यांदाच मधे बोलले, "व्हय, हेच्यासाठीच." पुढच्या सोमवारी काका आणि मी दोघं मिळून नकाशा बघायला जाणार आहोत.