गाडी खाली बसवली की वळणावर खरंच चिकटते का?

रील्सवर सध्या साध्या हॅचबॅकला लोअरिंग स्प्रिंग आणि कडक शॉकअप लावलेले व्हिडिओ फिरतात. गाडी दोन-तीन सेंटीमीटर खाली बसते, दिसायला झकास, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आता वळणावर गाडी चिकटून चालते.’ घरच्या गाडीवर हा प्रयोग करण्याआधी हिशेब बघा.

वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यावर ठरतं. गुरुत्वमध्य ६० सेंटीमीटरवर असेल आणि गाडी ३ सेंटीमीटर खाली आणली, तर भाराची ही सरकासरकी साधारण ५ टक्के कमी होते. फायदा आहे, पण एवढाच. गाडी कमी झुकते ती मुख्यतः स्प्रिंग कडक झाल्यामुळे, आणि कडक स्प्रिंगचं चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारतं. उडालेल्या चाकाला पकड कुठली?

त्यात आपले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. गल्लीतला गतिरोधक हे मानक वाचून बांधलेला नसतो, हे सांगायला नको. पाच माणसं आणि गावाकडच्या पिशव्या भरल्या की गाडी आधीच दबते. त्यातून आणखी ३ सेंटीमीटर गेले की पोट घासणारच.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी आरसी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे कलम कडक लावलं. आरसीवर स्प्रिंगची नोंद कुठे असते, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण कोर्टाने आधार घेतला तो चाचणी होऊन मंजूर झालेल्या मूळ नमुन्याचा. अशा चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो, आणि माझ्या मते दंडापेक्षा हा धोका मोठा आहे.

मग गाडी डुलते, खडखडते, स्टिअरिंग सैल वाटतं, त्याचं काय? ७०-८० हजार किलोमीटर झालेल्या गाडीत बहुतेक वेळा दोष मूळ डिझाइनचा नसतो, झिजेचा असतो. शॉकअपमधून तेल गळतंय का, लिंक रॉड वाजतो का, लोअर आर्मच्या बुशला चिरा पडल्यात का, हे आधी बघून घ्या. टायर किती जुने आहेत तेही. पावसाळ्यात ताम्हिणीच्या घाटात गाडी धरून ठेवणारे शेवटी टायरच.

मूळ मापाचे सुटे भाग घातले तर आरटीओचा प्रश्न येत नाही. शॉकअप नेहमी जोडीने बदला, नंतर अलाइनमेंट करा. आणि गॅरेजवाल्याला एक आठवण करा: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो.